भाच्यासाठी कॉइल : नागपूरच्या मातीतल्या चाचण्यांच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२३

भाऊबीजेचं जेवण आटोपल्यावर ताईच्या फोनवर भाचा आला आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. तो पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला असतो, खाणीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. तिकडे सुटीच्या दिवशी बरीच मंडळी सोनं शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन रानात जातात. आता यालाही जायचंय. जुना मिनलॅब जीपीएक्स ५००० घेतलाय, त्यासोबत ११ इंची डबल-डी (दोन वेढ्यांची) कॉइल आली. कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेच्या वेढ्यांची चकती. खिशात आणखी एकाच कॉइलपुरते पैसे आहेत. खाणीतला एक मित्र म्हणतो १८ इंची घे, दुसरा म्हणतो ८ इंची. "मामा, तुम्ही जन्मभर तार गुंडाळली, तुम्हीच सांगा."

तार गुंडाळली ती स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरवर. पण घरी केलेलं पल्स इंडक्शनचं (विजेचे झटके देऊन धातू ऐकणारं) एक सर्किट माझ्याकडे पडून आहे आणि त्याचा जीपीएक्सही त्याच जातीचा. म्हणून ठरवलं की वेगवेगळ्या मापांच्या कॉइल भरायच्या, इथल्या जमिनीवर फिरवायच्या आणि मग उत्तर द्यायचं. माझ्या सर्किटवरचे आकडे त्याच्या मशीनला लागू होणार नाहीत. कॉइलांची आपसातली तुलना मात्र लागू होईल.

पहिला प्रश्न कॉइलचा नाहीच, कुठलं सोनं शोधायचं याचा आहे. कूलगार्डीला सोनं सापडलं १८९२ मध्ये, कालगुर्लीला १८९३ मध्ये. तेव्हापासून ती जमीन खणून, चाळून झाली आणि गेली कित्येक वर्षं डिटेक्टरवालेही तीवरून फिरताहेत. १९८० मध्ये व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ डिटेक्टरने २७ किलोचा 'हँड ऑफ फेथ' काढला, हे खरं. पण त्या भरवशावर कॉइल घेणं म्हणजे लॉटरी लागेल म्हणून आधीच तिजोरी आणून ठेवणं. याच्या वाट्याला येईल ते अर्ध्या ग्रॅमपासून चार-पाच ग्रॅमपर्यंतचं, असं धरून चालतो. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक ग्रॅमचा गोळा जेमतेम ४.६ मिमी व्यासाचा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

१९ नोव्हेंबर

आजचं काम कागदावर. कॉइलपासून दूर गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. सोन्यात उठलेला प्रतिसाद परत येतानाही तसाच घटतो. दोन्ही मिळून सहावा घात. खोली दुप्पट केली की सिग्नल चौसष्टावा हिस्सा. "मोठी कॉइल, दुप्पट खोली" असं विकणाऱ्याला हे सांगून पाहावं.

मोनो कॉइलसाठी, म्हणजे जिथे एकच वेढा पाठवतो आणि ऐकतो, आणखी एक हिशेब निघतो. सगळ्या कॉइलांचा इंडक्टन्स सारखा ठेवला, तर लहान वस्तूचा सिग्नल सगळ्यात जास्त कधी येतो? कॉइलची त्रिज्या वस्तूच्या खोलीएवढी असते तेव्हा. दहा सेंमी खोल रव्याला, म्हणजे सोन्याच्या कणाला, वीस सेंमी व्यासाची कॉइल. याहून मोठी घेतली तर त्याच रव्याचा आवाज वाढत नाही, पडतो. यात जमीन धरलेली नाही. जमीन धरल्यावर मोठ्या कॉइलची बाजू आणखी लंगडी होते, कारण ती रव्याइतकीच इमानदारीने भोवतालची सगळी माती ऐकते.

२५ नोव्हेंबर

आज वेळेचा हिशेब. पल्स इंडक्शनमध्ये कॉइलमधला प्रवाह झटकन तोडतात, त्या धक्क्याने धातूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरतात आणि ते विझत असताना कॉइल कान देते. प्रश्न एवढाच की कान किती लवकर द्यायचा. कॉइल स्वतःच काही मायक्रोसेकंद थरथरत असते, तेवढं थांबावंच लागतं.

गोळ्यातले एडी करंट विझायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गावर चालतो. नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते, म्हणून वाहकता शुद्ध सोन्याच्या पाव धरली. एक ग्रॅमच्या गोळ्याचा कालांक (विझण्याच्या वेगाचं माप) सात मायक्रोसेकंदांच्या आसपास आला. ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याचा जेमतेम दीड. दहाव्या मायक्रोसेकंदाला कान दिला तर एक ग्रॅमच्या आवाजाचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक असतो, छोट्याचा हजारात एक. तो गेलाच. उच्च वारंवारतेचे व्हीएलएफ डिटेक्टर (झटक्यांऐवजी सतत लहर पाठवणारे) बारीक सोन्यावर पल्सवाल्यांना मागे टाकतात ते यामुळे. फिशरचा गोल्ड बग २ तर ७१ किलोहर्ट्झवर चालतो. पण लोहखनिजाने भरलेल्या जमिनीत त्यांचा गोंधळ उडतो, म्हणून ऑस्ट्रेलियात पल्स.

म्हणजे कॉइल नुसती लहान असून भागत नाही, ती चपळही हवी. वेढ्यांमधली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवून ठेवण्याची खोड) कमी, केबलची कमी.

मातीचा प्रतिसाद विझतो निराळ्या चालीने. चुंबकीय माती साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरते, सोनं घातांकी पद्धतीने. दोन वेगवेगळ्या क्षणी नमुने घेऊन योग्य प्रमाणात वजा केले की माती बरीचशी वगळली जाते. ग्राउंड बॅलन्स तो हाच.

२ डिसेंबर

इतवारीत जाऊन २५ गेजची सुपर एनॅमल वायर आणली. मोटार रिवाइंडिंगच्या सामानाचं दुकान, भाव किलोवर. शंभर ग्रॅम मागितली तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "शंभर ग्रॅमनं काय होते साहेब? टेबलफॅनबी भरत नाही." सोनं शोधायची कॉइल भरतो म्हटलं असतं तर दुकान सोडून माझ्या मागे आला असता. मोटार म्हणालो.

तिन्ही कॉइलांचा इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास ठेवला. १४ सेंमी व्यासाला ३२ वेढे, २० ला २६, ३० ला २०. प्लायवर वर्तुळ काढून खिळे ठोकले, त्यावर भरल्या, दोऱ्याने बांधल्या. इंडक्टन्स मोजायच्या एलसीआर मीटरवर तिन्ही जवळपास सारख्या.

२० सेंमीचीच आणखी एक कॉइल टेफ्लॉनच्या जाड आवरणाच्या तारेने भरली. वेढे एकमेकांपासून लांब राहिले की कपॅसिटन्स घटते. एनॅमलची जुडी झटपट होते, पण तिला शांत व्हायला वेळ लागतो. टेफ्लॉनवाली दहा मायक्रोसेकंदांना तयार असते, जुडीला चौदाच्या पुढे जावं लागतं. मागच्या हिशेबात अर्ध्या ग्रॅमसाठी हे चार मायक्रोसेकंद म्हणजे निम्म्याहून जास्त आवाज. उरलेल्या दोन मापांनाही टेफ्लॉन वापरतो.

१० डिसेंबर

शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं आवरण. कुलपात घालायची ग्रॅफाइट पावडर फेव्हिकॉलमध्ये कालवून कॉइलवर लेप दिला. लेपात एके ठिकाणी फट ठेवावीच लागते, नाहीतर तोच एक बंद वेढा होऊन कॉइलचा जीव खातो. ॲल्युमिनियम फॉइल टाळली. ती इतकी चांगली वाहक आहे की तिच्यातच एडी करंट उठतात आणि आपलं लवकर ऐकणं वाया जातं.

केबलसाठी आरजी-५८ घरात होती, पण मीटरला शंभरेक पिकोफॅरड जोडते. शक्य तेवढी आखूड कापली. डॅम्पिंगचा रेझिस्टर प्रत्येक कॉइलला वेगळा लागतो, इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्सच्या वर्गमुळाचा निम्मा. ऑसिलोस्कोपवर बघत प्रीसेट फिरवला, रेघ उसळी न घेता खाली बसली की तिथेच ठेवला.

बाजारातल्या तयार कॉइलमध्ये हे सगळं आत बंद असतं, म्हणून किंमत बघून लोक दचकतात. मला आता ती किंमत फारशी जास्त वाटत नाही.

१७ डिसेंबर

गच्चीवर, लाकडी स्टुलावर, हवेतल्या चाचण्या. घरात विजेचा इतका गोंगाट की ३० सेंमीची कॉइल सतत कुरकुरत होती. मोठी कॉइल वायरिंगही मोठ्याने ऐकते.

सोन्याच्या जागी शिसं वापरलं, एअरगनचे साडेचार मिमीचे छर्रे, एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. हातोडीने ठोकून गोळी केली. शिशाची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा खूप कमी, पण मिश्र नैसर्गिक सोन्याच्या जवळ जाणारी, म्हणून हा पर्याय चालतो.

छर्रा कॉइलच्या मध्यावर धरला तेव्हा १४ सेंमीच्या कॉइलने साडेसात सेंमीवरून ऐकला, २० च्या कॉइलने सात. ३० च्या कॉइलला मध्यभागी जवळजवळ टेकवावा लागला. फक्त तारेच्या कडेजवळ नेला की तिथे बोलते. पाचचं पितळी नाणं धरलं तेव्हा क्रम उलटला: १७, साडेएकोणीस, २२. कागदावरच्या हिशेबाशी हे इतकं जुळलं की मजा वाटली. व्यास दुपटीहून जास्त झाला आणि नाण्यावर फायदा पाच सेंमी.

बायकोची अंगठी नाण्याच्या तोडीने बोलली. यावर विश्वास ठेवू नये. अंगठी हा बंद वेढा आहे, त्यात प्रवाह आरामात फिरतो. तांब्याच्या तारेची कडी केली, सांधा डाख दिला तर लांबून ऐकू आली; तोच सांधा कापला तर आवाज पार पडला. खडकातला रवा भेगाळलेला, मध्ये गारगोटी अडकलेला असतो, तो कापलेल्या कडीसारखा वागतो. अंगठी दाखवून डिटेक्टर विकणारे व्हिडिओ भाच्याने बघू नयेत, असं त्याला लिहून टाकलं.

२४ डिसेंबर

काटोलजवळ सासुरवाडीच्या संत्र्याच्या बागेत. आंबिया बहाराची तोड जवळपास उरकलेली, मेहुण्याला वेळ होता. नागपूर शहराच्या पश्चिमेचा भाग दख्खन ट्रॅपवर आहे. सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच. त्यामुळे काटोलची काळी माती आणि तिच्याखालचा मुरूम म्हणजे लोहखनिजाची फुकट प्रयोगशाळा. लोहचुंबक कागदात गुंडाळून मातीतून ओढला की काळे कण चिकटून येतात.

पाच सेंमी खोल छर्रे पुरले, जागेवर काड्या रोवल्या. हवेत साडेसात सेंमी ऐकणारी १४ ची कॉइल इथे पाच सेंमीला नीट बोलली. २० ची कॉइल ऐकते, पण तेवढ्याच आवाजात माती पण ऐकवते, दोन्ही वेगळे करायला सराव लागतो. ३० ची नुसती रडत राहिली. वर-खाली जरा हलली की आवाज, बेसाल्टचा गोटा आला की आवाज. जुन्या गोठ्याची पडकी भिंत होती, तिथल्या भाजक्या विटांवर तर तिन्ही ओरडल्या. माती भाजली की तिच्यात अगदी बारीक चुंबकीय कण तयार होतात, ते विझायला रेंगाळतात.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, या मशीननं विहिरीचं पाणी सापडते का?" नाही सापडत.

२८ डिसेंबर

बातमी पसरली. ओळखीच्या एकाने मशीन 'एका रात्रीसाठी' मागितली, गावातल्या पडक्या वाड्यात गुप्तधन आहे म्हणे. स्पष्ट नाही म्हटलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्याच्यासोबत कोणी बाबाही येणार होता, तो भाग २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतो. वर माझ्या छर्ऱ्याएवढ्या वस्तू ऐकणाऱ्या कॉइलला पडक्या वाड्यात फक्त खिळे सापडतील.

७ जानेवारी २०२४

कुहीकडे मित्राच्या शेतात. इथे ट्रॅप मागे पडतो आणि जुने नाइस जातीचे खडक लागतात. माती फिकट, चुंबकाला फारसं काही चिकटत नाही. फरक पहिल्याच फेरीत कळला. ३० ची कॉइल शांत, नाणं १८ सेंमी खोल पुरलेलं असूनही स्वच्छ ऐकलं. छर्रा मात्र इथेही नाहीच.

म्हणजे शांत जमीन मोठ्या कॉइलला तिची खोली परत देते, बारीक रवा देत नाही.

जिल्ह्याच्या या आग्नेय बाजूला परसोडी, थुटानबोरी, कोलारी-भावरी या भागांत सोन्याच्या खुणा भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत, त्या साकोली समूहाच्या खडकांत. मित्राने लगेच विचारलं, मग इकडेच का नाही? १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय आपल्याकडे कोणाला खनिज शोधता येत नाही. स्वतःचे छर्रे पुरून काढणं वेगळं. पश्चिम ऑस्ट्रेलियात 'मायनर्स राइट' नावाचा परवाना कोणालाही काढता येतो, मग मोकळ्या सरकारी जमिनीवर शोधता येतं. दुसऱ्याचं एक्सप्लोरेशन लायसन्स असलेल्या जमिनीवर मात्र '४०ई' परमिट लागतं. भाच्याने पहिला काढलाय. दुसऱ्याची आठवण करून दिली.

२१ जानेवारी

डबल-डी भरली. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे दोन वेढे, एक पाठवणारा, एक ऐकणारा, मध्ये थोडे एकमेकांवर चढलेले. चढण एक-एक मिमी सरकवत ऐकणाऱ्या वेढ्यातला थेट सिग्नल किमान केला. एम-सील कडक होईपर्यंत हात थरथरू द्यायचा नाही, एवढंच कठीण.

काटोलच्या मातीवर ती मोनोपेक्षा खूपच शांत. जमीन एकसारखी असेल तर दोन डींच्या चढणीवर तिचा परिणाम बराचसा रद्द होतो. छर्ऱ्यावर मात्र त्याच मापाच्या मोनोच्या मागे, दीडेक सेंमीने. मोनो खाली निमुळती होत ऐकते, फेऱ्या एकमेकांवर चढवाव्या लागतात. डीडी पात्यासारख्या उभ्या पट्ट्यात ऐकते, भराभर चालणाऱ्याला ती सोपी.

३ फेब्रुवारी

मागे भाच्याशी लांब बोलणं झालं. जीपीएक्स ५००० वर डबल-डी, मोनो आणि कॅन्सल असा खटका आहे. त्याची ११ इंची डीडी लावूनही खटका मोनोवर टाकता येतो, तेव्हा एकच वेढा दोन्ही कामं करतो. म्हणजे नवी कॉइल न घेताच तिथली जमीन मोनोला सोसते का ते कळेल. त्याला सांगितलं, भल्या पहाटे जा आणि एकाच पट्ट्यावर दोन्ही फिरव. (तिकडे आत्ता उन्हाळा, चाळीसच्या वर.)

आज उत्तर आलं. लाल, लोखंडी खड्यांच्या जमिनीवर मशीनच्या 'नॉर्मल' टायमिंगला (कान कधी द्यायचा त्या सेटिंगला) मोनो सतत गुरगुरतो. 'फाइन गोल्ड' टायमिंगला टाकलं की काम करण्याइतका शांत होतो. खाऱ्या सरोवराच्या काठी, ओल्या मातीत मोनोचा उपयोग नाही, तिथे डीडी बरी. मीठ-पाणी वाहक असतं आणि लवकर ऐकणाऱ्याला तेच आधी ऐकू येतं.

म्हणजे डीडी ठेवायची आणि नवी मोनो घ्यायची, इथवर दोघांचं एकमत. माप राहिलं.

माझे छर्रे सांगतात ८ इंची. पण भाच्याला अजून सोन्याची एकही जागा माहीत नाही. नवख्या माणसाचा पहिला अडसर खोली नसून क्षेत्रफळ आहे. सोनं जिथे आहे तिथून कॉइल गेलीच पाहिजे. ८ इंची घेऊन तो सकाळभरात एवढीशी जागा चाळेल. १८ इंची जड, हार्नेस-बंजीला (अंगावरच्या पट्ट्याला आणि लवचीक दोरीला) टांगूनही खांदा धरतो, आणि त्या लाल मातीत तिचं काटोल होईल.

मधला मार्ग लंबगोल, १४ बाय ९ इंची मोनो. संवेदनशीलता बरीचशी अरुंद बाजूवर ठरते. २३ सेंमी रुंदी म्हणजे साधारण ११-१२ सेंमी खोलीवर ती सगळ्यात चांगली ऐकेल. लांबी ३५ सेंमी, त्यामुळे प्रत्येक फेरीत पट्टा मोठा निघतो. मल्गाच्या झुडपांमध्ये आणि स्पिनिफेक्सच्या काटेरी गवतात टोक घुसवता येतं, गोल कॉइलला ते जमत नाही.

१८ फेब्रुवारी

तिथल्या बाजारात वापरलेली १४ बाय ९ मिळतेय. पैसे देण्याआधी काय बघायचं ते कळवलं. मशीन सुरू करून कॉइल हवेत स्थिर धर, बोटाने टकटक कर, आवाज आला तर आतले वेढे सैल आहेत. केबल कॉइलमध्ये शिरते तिथे हळूच वळव, खरखर आली तर घेऊ नको. खालचं प्लास्टिक कव्हर काढून बघ, आतली लाल माती धुतली नसेल तर विकणाऱ्याने कॉइलचीही तेवढीच काळजी घेतली असणार. गवतावर फिरवून बघ, गवताच्या स्पर्शाने ओरडते का. शिल्ड फाटलं असेल तर ओरडेल.

घेतली. टकटक शांत, केबल शांत.

२८ एप्रिल

तिकडचा मोसम सुरू. पहिल्या फेऱ्यांत निघालं ते शिशाच्या गोळ्या, डब्यांचे पत्रे, बुटांचे खिळे. शिशाच्या गोळ्या निघणं मला चांगलं वाटलं. त्या ऐकू येताहेत म्हणजे रवाही येईल. त्याला तसं वाटलं नाही.

३० मे

इथे नवतपा. दुपारी सोल्डरिंग आयर्न हातात धरवत नाही, म्हणून फोनवर काम.

भाच्याला सोनं लागलं. ०.८ ग्रॅमचा रवा, आणि तिथूनच काही पावलांवर १.६ ग्रॅमचा दुसरा. दोन्ही बोटभर खोल, दोन्ही १४ बाय ९ वर. ताईने मला पेढे पाठवले आणि भाच्याने लगेच १८ इंचीच्या किमती. खाली खोल मोठा असेल, असं त्याचं म्हणणं.

त्याला उत्तर लिहिलं. दोन रवे इतक्या जवळ म्हणजे तो पॅच (एका जागी बरंच सोनं विखुरलेला पट्टा) आहे, आणि पॅचमध्ये बारीक जास्त असतं. १८ इंची आत्ता नको. जागेचा जीपीएस कोणाला दाखवू नको. कंबरेला साखळी बांधून ओढत चाल म्हणजे मातीवर रेघ पडेल आणि कुठे झालं, कुठे राहिलं ते दिसेल. आधी याच कॉइलने उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम, फेऱ्या निम्म्या चढवून, कॉइल जमिनीला घासत. ज्या आवाजाबद्दल शंका वाटेल तिथे बुटाने वरची माती सरकवून पुन्हा ऐक. रव्याचा आवाज वाढतो, मातीचा बहुधा पातळ होतो. हे झाल्यावर ८ बाय ६ ची मोनो कोणाकडून उसनी मिळाली तर तीच जागा परत. मग खोदलेल्या चराच्या तळाशी मोठी कॉइल फिरवायची की नाही ते बोलू.

खाणीतला तो ८ इंचीवाला मित्र त्याची ८ बाय ६ द्यायला तयार आहे. बदल्यात त्याला पॅच कुठे आहे ते हवंय.